वेताळाचा पोशाख जांभळा कुणी केला?

कॉमिक्समधला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, मरत नाही, याचं कारण त्याचे कपडे. बाप कवटीच्या गुहेत शेवटचा श्वास घेतो, मुलगा तिथेच शपथ घेतो आणि तस्साच पोशाख अंगावर चढवून बाहेर पडतो. डोक्याला कानटोपी, डोळ्यांवर मुखवटा, कमरेला कवटीचा पट्टा, बोटात कवटीची अंगठी. जंगलातल्या लोकांना वाटतं, हा तोच, चारशे वर्षांपूर्वीचा. आपण वाचतो तो खरं तर एकविसावा. पण ते गुपित टिकायचं तर एकच अट आहे: पोशाख एका धाग्यानंही बदलता कामा नये.

आता गंमत बघा. हाच न बदलणारा पोशाख अमेरिकेत जांभळा आहे. इटलीत लाल आहे. तुर्कस्तानात आणि ब्राझीलमध्येही लाल. स्वीडन-नॉर्वेत निळा. न्यूझीलंडमध्ये एके काळी तो चक्क तपकिरी छापला गेला. आणि ज्या माणसानं वेताळ जन्माला घातला त्याच्या डोक्यात यातला एकही रंग नव्हता. त्याला पोशाख हवा होता करडा.

हे असं का झालं, याचं उत्तर गोष्टीत शोधून सापडत नाही. ते छापखान्यात आहे. सुपरहिरोंचे पोशाख बदलतात तेव्हा आपण लेखक, चित्रकार, फॅशन यांच्याकडे बघतो. शाईच्या डब्याकडे कुणी बघत नाही. म्हणून आज तिकडूनच सुरुवात करू.

आधी थोडी ओळख. वेताळाची मूळ चित्रपट्टी, म्हणजे कॉमिक स्ट्रिप, 'द फँटम' या नावानं १७ फेब्रुवारी १९३६ला अमेरिकन वर्तमानपत्रांत सुरू झाली. लेखक ली फॉक, चित्रकार रे मूर, आणि ती जगभर विकणारी कंपनी किंग फीचर्स सिंडिकेट. जादूगार मँड्रेकही फॉकचाच, दोन वर्षं आधीचा. आपल्याकडे दोघंही घराघरात पोचले ते इंद्रजाल कॉमिक्समुळे. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन समूहानं मार्च १९६४मध्ये ही मालिका काढली. ती इंग्रजी आणि हिंदीसारखीच मराठीतही निघायची, आणि १९९०पर्यंत चालली. तिच्या मराठी अंकांत फँटमचा 'वेताळ' झाला.

या नावाबद्दल थोडं विषयांतर करतो. मूळ इंग्रजीत या नायकाचं बिरुद आहे चालणारं भूत. आणि आपला कोकणातला वेताळ तरी दुसरं काय करतो? रात्री गावाच्या शिवेवर गस्त घालतो. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला लोक केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. का, तर देव रात्रभर चालतो, त्याच्या चपला झिजतात. गोव्यातल्या बेताळालाही चपलांचा मान आहे. रानाची राखण करणाऱ्या, अंधारात फिरणाऱ्या, वाईटाला धडा शिकवणाऱ्या त्या गोऱ्या माणसाला यापेक्षा चपखल मराठी नाव मिळणं कठीण होतं. बंगालीत तो 'अरण्यदेव' झाला, तमिळमध्ये 'मायावी'. दोन्ही नावं चांगली आहेत, पण चालण्याची खूण आपल्या नावात आली. असो.

करडा रंग कुठे हरवला

फॉकनं या नायकासाठी 'ग्रे घोस्ट', म्हणजे करडं भूत, असंही एक नाव मनात धरलं होतं. फँटम नावाची पात्रं आधीच फार झाली आहेत असं त्याला वाटत होतं. शेवटी दुसरं बरं नाव सुचेना, म्हणून 'फँटम'च राहिलं. पण करडा रंग डोक्यात होता तो होताच. रोजच्या पट्टीत त्याचा प्रश्नही आला नाही. ती काळीपांढरी होती. काळ्या रेषा, मधे मोकळा कागद. वाचणाऱ्यानं मनात हवा तो रंग भरावा.

तीन वर्षांनी, २८ मे १९३९ला, रविवारची रंगीत पट्टी सुरू झाली. आता मोकळी जागा कुठल्या तरी रंगानं भरणं भाग होतं. पानावर आला तो जांभळा.

जांभळाच का? त्यासाठी त्या काळी रंगीत पान कसं छापायचे ते समजून घ्यायला हवं. आज फोनच्या पडद्यावर लाखो रंग दिसतात, त्यामुळे तेव्हाची तंगी लक्षात येत नाही.

रंगीत पान म्हणजे एकावर एक चार वेळा छापलेलं पान. एक प्लेट पिवळ्या शाईची, एक किरमिजी म्हणजे मजेंटाची, एक सायनची म्हणजे आकाशाकडे झुकणाऱ्या निळ्याची, आणि शेवटची काळी. बाकी सगळे रंग या चारांच्या मेळातून काढायचे. पिवळ्यावर निळा चढवला की हिरवा. पिवळ्यावर किरमिजी चढवला की लाल. किरमिजीवर निळा चढवला की जांभळा.

फिका रंग हवा असेल तर? शाईत पाणी घालता येत नाही. मग प्लेटवर अखंड रंगाऐवजी बारीक ठिपके काढायचे. ठिपक्यांच्या मधून पांढरा कागद दिसतो आणि लांबून डोळ्याला रंग फिका वाटतो. जुनं कॉमिक डोळ्याजवळ धरलंत तर हे ठिपके आजही मोजता येतात. गालाच्या गुलाबीत तर हमखास. अमेरिकेत पुढे कॉमिक्सच्या पुस्तकांसाठी जी पद्धत पक्की झाली, तिच्यात तीन रंगांपैकी प्रत्येक शाई चारच प्रकारे वापरता यायची: पूर्ण, अर्धी, पाव, किंवा अजिबात नाही. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे एकूण ६४ रंग. साऱ्या विश्वाची संकटं, परग्रह, जंगलं, राक्षस, सगळं या ६४मध्ये बसवायचं.

आणि काळी प्लेट? ती रेषांसाठी राखीव. चित्रकारानं शाईनं काढलेल्या रेषा, अक्षरं, गडद सावल्या एवढंच तिच्यावर. म्हणजे काळ्याचे ठिपके टाकून सरळ करडा काढावा, हा आपल्याला सुचणारा सोपा मार्ग या पद्धतीत नव्हता. करडा हवा तर पिवळा, किरमिजी आणि निळा हे तिन्ही थोडेथोडे घेऊन, तोल सांभाळत काढायचा.

इथेच खरी अडचण आहे. चिंच-गुळाची आमटी ज्यानं केली आहे त्याला ती लगेच कळेल. आंबट, गोड, खारट तिन्ही अगदी बरोबर जुळलं तर आमटी जमते. गूळ चिमूटभर जास्त पडला की पहिल्या घासाला समजतं. करडा रंग तसा आहे. तिन्ही शाया बरोबरीत असतील तोवरच तो करडा. निळी जरा जास्त बसली की पोशाख निळसर, किरमिजी वाढली की तांबूस, पिवळी वाढली की शेवाळी. त्यात वर्तमानपत्राचा कागद स्वस्त, मुळातच मळकट पिवळट, आणि टीपकागदासारखा शाई पिणारा. ठिपका पडतो राईएवढा, सुकेपर्यंत होतो मोहरीएवढा. छपाई लाखो प्रतींची, यंत्राचा वेग अफाट. पहिल्या हजार प्रतींत जो करडा आला तो शेवटच्या हजारात तसाच येईल, याची खात्री कोण देणार?

जांभळ्याला ही भीती नाही. तो झणझणीत आमटीसारखा. तिखट थोडं कमी पडलं काय, जास्त पडलं काय, ती तिखटच राहते. किरमिजी भरपूर आणि वर निळा. दोन्हींत थोडा फरक पडला तरी बघणारा त्याला जांभळाच म्हणतो.

दुसरं एक कारण माझ्या मते यापेक्षा मोठं आहे. वेताळ राहतो जंगलात. जंगल हिरवं, म्हणजे पिवळी आणि निळी शाई. त्या पानापानांत, वेलींत, झाडोऱ्यात किरमिजी शाई जवळजवळ नसतेच. मग नायक किरमिजी भरून उभा केला की चौकट कितीही लहान असो, नजर आधी त्याच्यावर जाते. करडा वेताळ त्या गर्दीत एखाद्या दगडासारखा हरवला असता. जंगलात लपूनछपून वावरणाऱ्या माणसानं जांभळे कपडे घालणं हा शुद्ध वेडेपणा आहे, हे आपल्याला लहानपणीही कळत होतं. पण तो पोशाख शत्रूपासून लपण्यासाठी नव्हताच. तो वाचकाला सापडण्यासाठी होता.

करडा नायक पुढे दुसऱ्या एकानंही करून पाहिला. १९६२मध्ये हल्क आला तेव्हा पहिल्या अंकात तो करडा होता. त्याचा लेखक स्टॅन ली याला कुठल्याच वंशाचा न वाटणारा रंग त्याला द्यायचा होता. छापून आलं तेव्हा एका पानावर हल्क फिका, दुसऱ्यावर जवळजवळ काळा, तिसऱ्यावर हिरवट. दुसऱ्या अंकापासून त्याला सरळ हिरवा करून टाकला. आज हल्क म्हटल्यावर हिरव्याखेरीज काही आठवतं का? पण तो हिरवा मुळात करड्याच्या फजितीतून आलेला आहे. त्याच्या तेवीस वर्षं आधी वेताळाच्या करड्यापुढे जी छपाई होती, तीच थोड्याफार फरकानं हल्कच्या करड्यापुढे होती.

बॅटमनची गोष्ट याच्या शेजारची आहे. त्याची टोपी आणि झूल काळी. पण सगळं काळं भरलं तर घड्या दिसणार कशा? म्हणून जिथे उजेड पडतो तिथे निळा सोडायचे. हळूहळू निळा वाढत गेला, काळा आक्रसत गेला, आणि काही वर्षांत वाचकांनी बॅटमनची झूल निळीच असते असं ठरवून टाकलं. चकाकी दाखवायला सोडलेला रंग कापडाचा रंग होऊन बसला.

काळ्यापांढऱ्या पडद्यावर उलटाच प्रकार. १९५०च्या दशकात सुपरमॅनची अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका सुरुवातीला काळीपांढरी होती. कॅमेऱ्यात लाल आणि निळा दोन्ही सारखेच काळपट दिसतात, म्हणून नटाला तपकिरी आणि करड्या रंगाचा पोशाख शिवला होता. घरात बसून लोक त्याला लाल-निळाच समजून बघत होते. म्हणजे पोशाखाचा रंग ठरतो तो ज्यावर उमटणार त्या पानावरून किंवा पडद्यावरून. नायकाला विचारतं कोण?

एक माणूस, पाच रंग

अमेरिकेत जांभळा आला हे समजलं. पण मग इटलीत लाल कसा?

याचं उत्तर चित्रपट्ट्या विकल्या कशा जायच्या त्यात आहे. सिंडिकेट म्हणजे एक प्रकारची घाऊक पेढी. चित्रकाराकडून पट्टी घ्यायची, तिच्या रेषांचे ठसे काढायचे आणि वर्गणी भरणाऱ्या वर्तमानपत्रांना पाठवायचे. हे ठसे कागदाच्या लगद्याचे असत, हलके, टपालानं सहज जाणारे. ज्याच्या त्याच्या छापखान्यात त्या साच्यावर धातू ओतून प्लेट तयार व्हायची. रोजच्या पट्टीच्या ठशात रेषा होत्या, शब्द होते; रंग नव्हता. शब्द काढून आपल्या भाषेतले घालायचे आणि साप्ताहिक रंगीत असेल तर रंगही आपणच भरायचा.

इटलीत फ्लॉरेन्सच्या नेर्बिनी या प्रकाशकानं आपल्या साप्ताहिकात वेताळ आणला तो १९३७च्या सुमारास, म्हणजे अमेरिकेत रंगीत पान निघण्याआधी. जांभळा तेव्हा अस्तित्वातच नव्हता, मग त्याची नक्कल कुठून होणार? त्यांनी लाल भरला. शाईच्या हिशेबात ही उडी फार मोठी नाही. किरमिजी गडी तोच, फक्त जोडीदार बदलला: निळ्याऐवजी पिवळा. जंगलाच्या हिरव्यावर लाल तर जांभळ्यापेक्षाही उठून दिसतो. फ्रान्स, स्पेन, ब्राझील, तुर्कस्तान, सगळीकडे लाल वेताळ रुळला.

स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्ककडे निळा. म्हणजे सायनचं पारडं जड, किरमिजी हात राखून. स्वीडनमध्ये वेताळाचं स्वतंत्र नियतकालिक १९५०पासून निघतं आहे, आणि पुढे तर तिथल्या प्रकाशकांनी मूळ अमेरिकन पट्टीची वाट न पाहता स्वतःच नव्या कथा लिहून घेतल्या, रंगवून घेतल्या. आजचे कितीतरी नवे वेताळ-अंक त्या थंड देशातून येतात आणि त्यांतला वेताळ निळा असतो. स्वीडिश वाचकाला जांभळा वेताळ दाखवा, तो तुमच्याकडे लाल पांडुरंग बघितल्यासारखा बघेल.

रंग असा एकदा बसला की उठत नाही, याचा सगळ्यात पक्का पुरावा तुर्कस्तानात आहे. तिथे वेताळाचं नावच 'कझल मास्के', म्हणजे लालभडक मुखवटा. आता पोशाख बदलायचा तर नाव बदलावं लागेल. फिनलंडमध्ये तो 'मुस्तानामियो' आहे, म्हणजे काळा मुखवटा. ऑस्ट्रेलियानं या भानगडीतून वेगळीच वाट काढली. तिथला फ्रू नावाचा प्रकाशक १९४८पासून वेताळाचे अंक काढतो आहे. आतली पानं वर्षानुवर्षं काळीपांढरी, रंग फक्त मुखपृष्ठावर. मुखपृष्ठ उलटलं की वाचक परत आपला मोकळा.

आणि आपण? इंद्रजालच्या सुरुवातीच्या अंकांत वेताळ निळा होता. नंतर तो जांभळा झाला आणि जांभळाच राहिला. आपल्या पिढीच्या आठवणीतला वेताळ जांभळा, कवटीच्या पट्ट्यावर दोन पिस्तुलं, खाली निळ्या-काळ्या तिरप्या पट्ट्यांची चड्डी. पण ज्यांच्याकडे पहिल्या वर्षातले अंक आहेत, त्यांच्याशी या रंगावरून पैज लावू नका. हराल.

इंद्रजालच्या संपादकांनी रंगापेक्षा जास्त कात्री नावांवर चालवली. मूळ कथेत वेताळाचं जंगल सुरुवातीला नक्की कुठे आहे तेच ठरलेलं नव्हतं. भारताच्या आसपास कुठेतरी, असा एकंदर रोख. वाघ होते, समुद्रचाच्यांच्या टोळीचं नाव 'सिंग' होतं, एकविसाव्या वेताळाच्या बापाच्या खुन्याचं नाव 'रामा' होतं, आणि देश 'बंगाला'. पुढे फॉकनं हा देश आफ्रिकेत नेऊन ठेवला. भारतात छापताना हे सगळं जसंच्या तसं ठेवणं म्हणजे उगाच वाद ओढवून घेणं. मग बंगालाचं 'डेंकाली' झालं, सिंगचं 'सिंगा', रामाचं 'रामालू'. रंगाला मात्र कुणाची हरकत असण्याचं कारण नव्हतं.

चड्डी पँटीवरून का?

हा प्रश्न प्रत्येक पिढीतलं प्रत्येक मूल विचारतं आणि मोठी माणसं हसण्यावारी नेतात. प्रश्न चांगला आहे.

अंगाला घट्ट चिकटलेला पोशाख आणि बुबुळं नसलेला मुखवटा घालून वावरणारा नायक चित्रपट्टीत पहिल्यांदा आला तो वेताळच. सुपरमॅन १९३८चा, बॅटमन १९३९चा. दोघंही वेताळाच्या मागून आलेले. फॉकनं घट्ट पोशाखाचं श्रेय रॉबिन हूडला दिलं होतं. इंग्रजांचा तो जंगलात राहणारा लोककथेतला वीर रंगभूमीवर आणि पडद्यावर घट्ट विजारीत दिसायचा. वरची चड्डी त्या काळच्या सर्कशीतल्या पहिलवानांच्या आणि कसरतपटूंच्या अंगावर रोजच दिसायची. घट्ट विणलेली विजार ताणली की लाज राखायला वर काहीतरी हवंच. सर्कशीच्या तंबूत त्यात कुणाला विचित्र वाटत नव्हतं. तंबू गेले, पहिलवान गेले, चड्डी कॉमिक्समध्ये अडकून पडली. सुपरमॅनची लाल चड्डी तर डीसी कंपनीनं २०११मध्ये काढून टाकली आणि २०१८मध्ये परत चढवली.

वेताळाची चड्डी मात्र चित्रकाराच्या कामाची होती. काळ्यापांढऱ्या पट्टीत रंग नाही, चौकटी लहान. दहा माणसांच्या मारामारीत वेताळ कोणता हे ओळखायचं कशावरून? तिरप्या पट्ट्या दिसल्या की झालं. चेहरा दिसो न दिसो. रंग नसतानाही जी खूण चालते ती खरी खूण, आणि बघा, रंग देशोदेशी बदलला पण पट्टे कुणाला सुटले नाहीत.

आता डोळे. वेताळाच्या मुखवट्याला बुबुळं नाहीत, नुसत्या पांढऱ्या फटी. फॉकनं ही कल्पना ग्रीक पुतळ्यांवरून घेतली. संगमरवरी अर्धपुतळ्यांच्या डोळ्यांत बुबुळं नसतात आणि त्यामुळे ते माणसांपलीकडचे, थोडे भयाण वाटतात, हे त्याला भावलं होतं. पुढे बॅटमनपासून कितीतरी मुखवटेधाऱ्यांना हेच पांढरे डोळे मिळाले.

मात्र ग्रीकांनी ते डोळे रिकामे ठेवलेच नव्हते. त्यांचे पुतळे रंगवलेले असत. ओठ, केस, वस्त्रं, बुबुळं, सगळं. काही ठिकाणी डोळे दुसऱ्या दगडाचे किंवा काचेचे बसवलेले असत. दोन हजार वर्षांच्या ऊनपावसात रंग उडाला आणि आपल्यापर्यंत पांढरा संगमरवर तेवढा पोचला. म्हणजे वेताळाचे डोळे आले उडालेल्या रंगातून आणि कपडे आले चुकलेल्या रंगातून. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. हे दोन अपघात वजा केले तर उरतो एक करड्या कपड्यातला, साध्या डोळ्यांचा माणूस, आणि त्याला घाबरून सिंगा चाचे काही पळाले नसते.

गोष्टीच्या आत या पोशाखाचं वेगळं कारण दिलेलं आहे. १५३६मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला पहिला वेताळ किनाऱ्याला लागतो. बांडर पिग्मी त्याला वाचवतात. वासाका नावाची जमात त्या पिग्मींना गुलाम करून राबवत असते. त्या वासाकांचा एक दैत्यदेव असतो. त्याच्या मूर्तीसारखा वेश करून पहिला वेताळ त्यांच्यापुढे उभा राहतो. ज्यांच्या मनात ज्याची भीती, त्याचंच सोंग. हे मला रॉबिन हूडपेक्षा जास्त पटतं. आपल्याकडे जत्रेत देवाचं सोंग घेणारा माणूस मुखवटा चढवला की सोंग राहत नाही, देव होतो, तसंच हे.

रंगाची चर्चा करताना हाताकडे दुर्लक्ष होतं, पण तोच पोशाख वेगवेगळ्या चित्रकारांच्या हातात वेगळा दिसतो. रे मूरचा वेताळ सडपातळ, अर्धा सावलीत, खरोखर भुतासारखा. त्याच्यानंतर विल्सन मॅकॉय आला, आणि सगळं स्वच्छ, गोलसर, उजेडातलं झालं. १९६१नंतर साय बॅरी. भारतीय वाचक ज्याला वेताळ म्हणतात तो बहुतेक करून बॅरीचा: रुंद छाती, ठसठशीत जबडा, पोशाखाखालचा एकेक स्नायू मोजता येईल असा. बॅरीनं ही पट्टी १९९४पर्यंत काढली. फॉक लिहीत राहिला तो १९९९मध्ये वारला तोवर, म्हणजे त्रेसष्ट वर्षं. शहरात जाताना वेताळ पोशाखावरून चौकड्यांचा लांब कोट घालतो, हॅट आणि काळा चष्मा लावतो आणि मिस्टर वॉकर होतो. उकाड्यात दोन थर. १९७७मध्ये त्याचं डायनाशी लग्न झालं तेव्हाही मुखवटा उतरला नाही.

खऱ्या कापडाचा पोशाख शिवायची वेळ आली की मात्र सगळ्यांची पंचाईत होते. कागदावर जो सपाट जांभळा रुबाबदार दिसतो, तोच माणसाच्या अंगावर चढवला की शाळेच्या स्नेहसंमेलनातला वाटतो. १९९६च्या हॉलिवूडपटात बिली झेननं जांभळा पाळला, पण कापडावर गोंदणासारखी नक्षी उठवली आणि पट्ट्यांची चड्डी वगळली. २०१०ला अमेरिकन दूरचित्रवाणीवर आलेल्या छोट्या मालिकेत तर घट्ट पोशाखच रद्द करून आधुनिक, चिलखती सूट दिला. जुन्या वाचकांनी नाकं मुरडली. मीही मुरडलं. कारण तर्काचं नव्हतं. गोळी अडवणारा सूट केव्हाही शहाणपणाचाच. पण मग ते अंगावर घालून घाबरवणार कुणाला? त्यात दैत्यदेव कुठे आहे?

या सगळ्यांपेक्षा निराळा वेताळ मी एका छायाचित्रात पाहिला. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात वाघी नावाचं खोरं आहे. १९८०च्या दशकात तिथे टोळ्यांमधली युद्धं पुन्हा पेटली, तेव्हा लढणाऱ्यांनी पुरुषभर उंचीच्या ढालींवर वेताळ रंगवला. ऑस्ट्रेलियातून आलेल्या कॉमिक्समुळे तो त्यांच्या ओळखीचा होता, आणि कधीही न मरणारा माणूस ढालीवर असणं केव्हाही चांगलंच. काही ढालींवर तसं त्यांच्या भाषेत लिहिलेलंही आहे. त्यातल्या बऱ्याच ढाली आता जगातल्या संग्रहालयांत आहेत. त्या रंगवणाऱ्यांनी जांभळा, लाल की निळा, असा विचार केला नाही. दुकानात रंगाचे जे डबे मिळाले ते उघडले. पट्टा, कवटी, पिस्तुलं आणि बुबुळं नसलेले डोळे तेवढे त्यांनी नीट काढले.